नव्वद डोकी आणि एक स्क्रू

एक स्क्रू! आता तुमीच सांगा मंडळी, एका स्क्रूनं असं काय आभाळ कोसळतंय? सयाजी मिस्त्रीनं प्लायवर मशिन टेकवलं, बोट दाबलं, खडखडखडखड... दोन सेकंद, धरून चाला अडीच, स्क्रू आत! आणि मान वर करून बघतोय तर काय, नव्वद डोकी तेच्याकडं वळलेली! एकशेऐंशी डोळं, निम्म्यांवर चष्मा, आणि बोलत कोणच न्हाय. बोलली असती तर बरं हो, भांडायला सयाजी कधी मागं सरलेला न्हाय, पण ही पोरं नुसती बघत होती! देवळात कुणी चपला घालून आल्यावर बघत्यात, तशी.

अभ्यासिका होती ती. स्टेशन रोडला, दुसऱ्या मजल्यावर. सरकारी परीक्षेची पोरं सकाळी सहाला येत्यात आणि दिवस मावळला तरी उठत न्हाईत. परीक्षा अकरा दिवसांवर. तिथं एकेकाला बसायला लाकडी कप्पे, तेला ती केबिन म्हणत्यात, तसल्या चाळीस केबिनी बसवायचं काम सयाजीनं घेतलेलं. चाळीस नवी पोरं पुढच्या सोमवारी येणार, म्हणजे काम थांबवता येत न्हाय. जुन्यांची परीक्षा तोंडावर, म्हणजे हॉल बंद करता येत न्हाय. आणि मालक राजवर्धन, लई गोड माणूस, बोलतोय बी कसा, तर तोंडात साखर धरल्यासारखा: "मिस्त्री, एवढंच बघा, आवाज तेवढा होऊ द्यू नका हं!" घ्या! सुताराला सांगतोय आवाज करू नका! उद्या आचाऱ्याला सांगंल फोडणीचा वास येऊ द्यू नका! सयाजीनं तोंडावर सुनावलं, "आवाजाबिगर काम असतंय व्हय?"

सयाजी मिस्त्री कोण ते तुमास्नी ठावं नसंल, तर कसबा बावड्यात तुमी कधी घर बांधलं न्हाई, एवढंच म्हणतो. तिकडं नवी बिल्डिंग उठली की स्वयंपाकघराची कपाटं सयाजीची. चौतीस वर्षं! आधी हातानं पिळायचा स्क्रू, मग वायरवालं मशिन, आणि गेली आठ वर्षं ते बॅटरीवालं इम्पॅक्ट. दिसायला पिस्तूल, पण तेच्या पोटात लोखंडाचा हातोडा असतोय, तो लोखंडावरच मिनिटाला तीन-तीन हजार बार हाणतोय. कसला का स्क्रू असंना, आत गेल्याबिगर राहत न्हाय. आणि आवाज? अहो, तीच तर सयाजीची शान! सकाळी ते मशिन वाजलं की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "मिस्त्री आला गं, चहा टाका." घराचा मालक खाली चौकात गप्पा हाणत असला तरी वर काम चाललंय का थांबलंय ते तेला कानानं कळायचं. तुमास्नी सांगतो, सयाजी दुपारची भाकरी खाताना सुदीक मधनं मधनं मशिनचा खटका दाबायचा! एक घास, एक खडखड. एक घास, एक खडखड. कशाला? तर मालकाचा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून! आवाजाबिगर काम असतंय व्हय?

आणि संगं क्रांती. पोरगी तेची, तेवीस वर्षांची, तीन वर्षं झाली बापाबरोबर काम करतीया. माप घ्यायला गेली की सयाजी टेप उघडतोय तवर हिचं मोबाईलात चित्र तयार, आणि कापलेला प्लाय जाग्यावर असा बसतोय की मधनं कागद जायचा न्हाय. सयाजीची बहीण चिमणाबाई एकदा आली आणि गळाच काढला, "दादा, पोरीच्या हातात मशिन दिलास? उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं रं?" सयाजी म्हणाला, "सांगायचं, तुमची कपाटं आता सरळ बसतील." असला बाप! पण पोरीच्या तोंडावर एक शब्द कौतुकाचा काढला आसंल तर शपथ.

तर त्या दिवशी, नव्वद डोकी बघत्यात, सयाजी मशिन हातात धरून उभा, आणि मागच्या टेबलावरनं एक मुलगी उठून आली. गारगोटीची. रोज पहाटेच्या एसटीनं यायची. सयाजीला वाटलं, आता ही भांडणार, तेनं छाती पुढं काढली. पण ती कशाची भांडतीया! हळूच म्हणाली, "काका, माझा हा शेवटचा चान्स हाय. पुढच्या वर्षी वय बसत न्हाय. अकरा दिवस तेवढं सांभाळून घ्या की." आणि गेली जाग्यावर, पुस्तकात डोकं घातलं. बास. आता हिच्याशी भांडायचं कसं? सयाजीनं गपगार मशिन पिशवीत घातलं. मालकाला म्हणाला, "उद्या येतो." मालक तसाच गोडात म्हणाला, "या की. पण बिनआवाजाचं जमत नसंल तर सांगा मिस्त्री, पुण्याची पार्टी तयार हाय." पुण्याची! कोल्हापुरातल्या सुताराला पुण्याचं नाव सांगतोय! जिना उतरेपर्यंत सयाजी नुसता फुसफुसत होता.

क्रांती म्हणाली, "अण्णा, तेलातलं मशिन बघूया का?"

"कसलं तेलातलं? भजी तळायची हाईत का?"

पण पोरगी गाडी घेऊन थेट शाहूपुरीत बसवेशशेठच्या दुकानात. बसवेशशेठ म्हणजे हत्यारांचा मोठा दुकानदार, संकेश्वरकडचा माणूस, कानडी हेलात मराठी बोलतोय, आणि गिऱ्हाईकाच्या हातात मशिन असं देतोय की नवजात बाळ देतोय वाटावं. "बघा मिस्त्री, हे हायड्रॉलिक. ह्याच्या पोटात बी दणकाच हाय, पण तेलातनं बसतोय. लोखंडावर लोखंड आपटतच न्हाई. आवाज निम्मा, हाताला हादरा कमी." सयाजीनं मशिन उलटं केलं, सुलटं केलं, हुंगलं. हुंगायचं काय होतं तेलाच ठावं! मग म्हणाला, "शेठ, बाभळीचा ठोकळा हाय का? आणि सहा इंची स्क्रू काढ."

घ्या, लागली स्पर्धा! आधी सयाजीचं जुनं. खडखडखडखड... सगळी गल्ली वळून बघायला लागली, सहा इंच लोखंड बाभळीत गडप. मग ते तेलातलं. गेलं हो, गेलं, पण चार इंचावर दमलं, घूंऽऽ घूंऽऽ करत बसलं, शेवटचा इंच जाईस्तोवर हाताला कोमट लागायला लागलं. सयाजीचा चेहरा काय फुलला म्हणता! दुकानात पाईप घ्यायला आलेल्या पावण्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतोय, "बघितलासा का पावणं? आवाजाबिगर काम असतंय व्हय?"

 क्रांतीनं आपल्या पिशवीतनं प्लायचा तुकडा काढला आणि मूठभर दीड इंची स्क्रू. "अण्णा, अभ्यासिकेत बाभळ कुठं हाय? आपल्याला हे मारायचे हाईत." आता बोला! आणि दीड इंचीला दोन्ही मशिनं बरोबरीत. उलट तेलातल्यानं स्क्रूचं डोकं असं अलगद बसवलं की प्लायवर ओरखडा न्हाय. सयाजी खाली वाकला, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मनातनं पटलंतं तेला. पण कबूल करंल तर सयाजी कसला? "बरं हाय," म्हणाला, "पण निम्मा आवाज, निम्मा आवाज म्हणतोस शेठ, ते कुणी मोजलंय?"

शेठ म्हणाला, "पाठ फिरवा मिस्त्री. रस्त्याकडं बघा. नुसतं कानानं सांगा, कवा सुरू झालं."

सयाजी फिरला. हाताची घडी घातली. एक रिक्षा गेली. दुसरी गेली. सयाजी म्हणाला, "कर की सुरू."

मागनं काय न्हाय.

"अगं क्रांते, कर की सुरू! का दिवसभर हितंच उभा करतीस?"

तरी काय न्हाय. सयाजी वैतागून वळला, आणि बघतोय तर प्लायमध्ये चार स्क्रू बसलेले. पाचवा निम्मा आत. मशिन क्रांतीच्या हातात चालूच! आणि तो पाईपवाला पावणा, साधा माणूस, तेला काय कळतंय, तो हसून म्हणाला, "मिस्त्री, आवाज हाय की हो ह्याला! पिठाच्या गिरणीगत घुरघुरतंय!"

मंडळी, बसवेशशेठ उगंच काउंटर पुसायला लागला. सयाजी म्हणाला, "रिक्षा चालल्यात... तेच्यात काय ऐकू येणार." पण तेचं तेलाच ते पटलं न्हाय, चेहऱ्यावर दिसत होतं. बायको तीन तीन हाका मारतीया आणि मग वैतागून ताटली आपटतीया, फोनवरची माणसं हल्ली सगळी पुटपुटत्यात, सिनेमाला गेलं की लोक हसल्यावर हा हसतोय... सगळं एका रांगेत डोळ्यांपुढं उभं राहिलं असंल बघा. चौतीस वर्षांची शान! तिनं जाता जाता कान नेलते, आणि मिस्त्रीला पत्ताच न्हाय.

क्रांतीनं मशिन खाली ठेवलं. हळू बोलली, पण तेला ऐकू येईल असं जवळ येऊन बोलली. "अण्णा, माझ्या बी कानात दिवाळीपासनं शिट्टी वाजतीया. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाय. जुनं मशिन टाकायचं न्हाय. बाभळ आली, जाडजूड बोल्ट आले की तेच लागणार, कानात बोळं घालून चालवू. पण कपाटं, केबिनी असलं काम मी ह्याच्यावर करणार."

 सयाजी शेठकडं वळला, आणि तुमास्नी सांगतो, असल्या मोठ्यानं बोलला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली, "शेठ, ते तेलातलं दे! आणि पावतीवर पोरीचं नाव घाल. क्रांती सयाजी. मिस्त्री लिही फुडं. क्रांती सयाजी, मिस्त्री!"

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत. क्रांतीनं पहिला स्क्रू मारला, घुर्रर्र, आणि एका बी पोरानं मान वर केली न्हाय. दुसरा मारला. तिसरा मारला. सयाजी इकडं तिकडं बघतोय, छाती अशी फुगलेली, आणि न राहवून म्हणतोय, "क्रांते! जमलं की गं! ती बिजागरी दे हिकडं!"

नव्वद डोकी वर!

अहो, मशिनला गप केलं, पण ह्याला कोण गप करणार? तो हळूच बोललाता, तेच्या हिशोबानं! राजवर्धन पळत आला, साखर जरा कमी झालीती, "मिस्त्री, मॅडम करतील काम. तुमी बाहेर बसता का जरा?" असा आपला सयाजी जिन्यात, चपलांच्या रांगेशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर. चौतीस वर्षांत पहिल्यांदा चालू कामावरनं बाहेर काढलेला! दुसरा कोण असता तर रागानं घरी गेला असता.

हा गेला न्हाय. दाराला काच होती, तेच्यातनं बघत बसला. पोरगी गुडघ्यावर बसून फळी लावतीया, लेव्हल बघतीया, मशिन टेकवतीया, उठतीया. कुठं घाई न्हाय, कुठं फळी दुसऱ्यांदा काढायची पाळी न्हाय. पहिली केबिन झाली तशी तिनं त्या गारगोटीच्या मुलीला खुणेनं बोलावून आत बसवलं. ती पुस्तकासकट उठून गेली, आणि तिथं बसल्यावर वाचत होती ती ओळ फुडं चालू! सयाजीनं टोपी काढून डोळं पुसलं. घाम आलाता म्हणं. जिन्यात, पंख्याखाली, घाम!

मग जो जिना चढंल तेला धरून सांगायला लागला, "आत काम चाललंय. माझी पोरगी करतीया."

"पण ऐकू तर काय येत न्हाय की मिस्त्री!"

"अहो तेच की! ऐकू येत न्हाय तेच तर काम हाय! आवाज करून कोण बी करंल!"

बघा म्हणजे! हाच माणूस! पाच दिवसांत चाळीस केबिनी उभ्या राहिल्या, सोमवारी नवी चाळीस पोरं आली, आणि पुण्याच्या पार्टीचं नाव राजवर्धननं परत काढलं न्हाय. ती गारगोटीची मुलगी परीक्षा देऊन आली तवा जिन्यात सयाजीला हात जोडून गेली, म्हणाली, "पेपर बरा गेला काका." निकालाला अजून अवकाश हाय. पण सयाजीनं बावड्यात सांगून ठेवलंय, ती हापिसर झाली म्हणून.

आता फोन येत्यात. दवाखान्यातनं येत्यात, तान्हं बाळ असलेल्या घरातनं येत्यात. कालचीच गोष्ट, सयाजीनं फोन उचलला. तिकडनं बाईमाणूस, "क्रांती मॅडम हाईत का?"

"कामावर हाय. मी बोलतोय. काय काम हाय?"

"न्हाय, मॅडमशीच बोलायचंय. तुमी कोण?"

"मी बाप तिचा."

"असं व्हय. तुमी बी हेच काम करता का?"

सयाजीनं भिंतीवरच्या चार्जरकडं बघितलं, उसासा टाकला, आणि म्हणाला, "न्हाय हो. मी बॅटऱ्या चार्ज करतो. दोन तिच्या मशिनच्या, आणि एक माझ्या कानातल्या मशिनची."