रोजची पौर्णिमा

डोळ्यांच्या दवाखान्यात एक शिंपीण आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यावरची पट्टी नुकतीच निघाली होती.

“मला दिसेनासं झाल्यापासून रोज सांगायचीस, चंद्र पूर्ण गोल आहे म्हणून.”

“मग? होताच की!”

“अगं, रोज कशी पौर्णिमा असेल? तो कलेकलेनं लहान होतो, अवसेला दिसतच नाही. उगवतोही रोज उशिरा. तुझा मात्र दिवेलागणीलाच हजर!”

“कळत होतं, तर बोलला का नाहीत?”

“तू इतक्या हौसेनं सांगायचीस, म्हटलं असू दे. आता खराखुरा बघ. त्या खिडकीतून, मावळतीला.”

“भरदिवसा?”

“उशिरा उगवलेला उशिराच मावळणार ना! दिसला?”

“हो तर.”

“कसा आहे, सांग बरं.”

म्हातारीनं डोळे बारीक केले.

“गोलच दिसतोय बाई मला.”

“अर्धा आहे गं.”

म्हाताऱ्याचा आवाज एकदम खाली आला.

“कधीपासून दिसत नाही तुला?”

“आधी तुमचं होऊ दे म्हटलं.”

शिंपीण उठली आणि तिनं आपल्या नंबराची चिठ्ठी म्हातारीच्या मुठीत ठेवली.

“आजी, माझ्याऐवजी तुम्ही जा आत.”