बिनदाराचं घर

हॅलो?… छकू? अगं मी, ताई… हो, हा नंबर तुरुंगाच्या फाटकावरचा आहे… नाही गं बाई, मला कोण पकडतंय! आज माझा चित्रांचा वर्ग नाही का? मोबाइल इथे बाहेरच ठेवून घेतात, म्हणून यांच्या फोनवरून बोलतेय.

बरी आहे… हो, हो, जेवले… अगं ऐक ना. काल कैद्यांच्या चित्रांचं प्रदर्शन बघून गेलीस… आवडलं ना? छान. मग घरी जाऊन ग्रुपवर काय लिहिलंस?… किती जणांनी वाचलं ते नको सांगूस. काय लिहिलंस ते सांग.

हं… घराच्या चित्राखालच्या चिठ्ठीवरचं नाव वाचलंस, मोबाइलवर जुनी बातमी शोधलीस, खुनाची शिक्षा निघाली… हं… आणि मग निदान. घराला दार नाही म्हणजे पश्चात्ताप नाही… छप्पर काळं म्हणजे राग अजून आत आहे… झाडाला पानं नाहीत म्हणजे माया नाही… आणि धाकट्या भावंडाचा मत्सर? तो कुठून काढलास?… कुंपणावरून!

नाही, नाही, खून त्याने केलाय. ते कोण नाकारतंय? कोर्टाने सांगितलंय, तो स्वतःही सांगतो. पण पुढे तू लिहिलंस ना, ‘हा सुटला की पुन्हा करणार’… ते कुठल्या कोर्टाने सांगितलं?

मानसशास्त्राचा कोर्स केलायस… अर्धा केलायस, छकू. आणि पुरा केला असतास तरी! माणसाला न भेटता, भिंतीवरच्या चित्रावरून?… अगं साधा ताप आला तरी डॉक्टर आधी जीभ दाखवायला सांगतो!

नाही गं, चिडले नाहीये. सकाळी वाचलं तेव्हा चिडले होते. आता हसू येतंय… का म्हणजे? ते चित्र त्याचं नाहीच.

माझं आहे.

अगं, ओरडतेस काय!

हो, माझं! वर्गाला दाखवायला काढलेलं. दार मुद्दाम सोडते मी. ‘आता आपापलं दार काढा’ म्हणते, मग जो तो काढतो… अगं टांगायची घाई झाली, आणि त्याची चिठ्ठी माझ्या चित्राखाली लागली. तो सुतार आहे, छकू. सुतार घर काढेल आणि दार विसरेल?

छप्पर काळं, कारण निळा रंग संपला होता… पानं? पानांचा कंटाळा आला… मत्सर? तो मात्र असेल हं! माझी नवी रंगपेटी तू नळाखाली धरलीस, तेव्हापासून. तेवढं निदान अगदी बरोबर!

हस, हस… हसून झालं? आता नीट ऐक. इथे समोर बाकावर त्याची मुलगी बसलीय… हो, त्या सुताराची. कॉलेजात आहे. इतकी वर्षं बापाचं तोंड बघायला तयार नव्हती, आज पहिल्यांदा भेटायला निघाली. आणि निघता निघता कुणीतरी तुझं लिखाण तिला पाठवलं… अगं नावासकट लिहिलं होतंस ना! आता धड आत जात नाही, धड घरी जात नाही. भेटीची वेळ संपत आलीय. शिपाईदादा एकदा घड्याळाकडे बघतात, एकदा माझ्याकडे.

हो, काढून टाक… काढलंस? शहाणी ती. पण तिच्या डोक्यातून कोण काढणार?… सांगितलं गं मी, चित्र माझं आहे म्हणून. तर म्हणते, ‘बाई, तुम्ही त्यांच्याच बाजूच्या. तुम्ही असंच म्हणणार.’

खोटं नाही ना बोलली! मला आवडतोच तो. ब्रश स्वच्छ धुतो, दुसऱ्याचेही धुऊन ठेवतो. म्हणून काय मी लिहून देऊ, आता हा साधू झाला म्हणून?… तेच सांगतेय. तू त्याला राक्षस केलंस, मी देव करायला निघाले होते. आतलं तुलाही दिसत नाही आणि मलाही. तुझा निदान अर्धा कोर्स तरी झालाय!

त्याचं खरं चित्र?… स्टूल काढलंय… हो, प्रदर्शनातलं ते कोपऱ्यातलं, तीन पायांचं… छकू! चौथा पाय मागे आहे, म्हणून दिसत नाही! गप्प बस बघू!

थांब. उठली ती… इकडेच येतेय. ऐक, तूच बोल तिच्याशी… अगं मी काय सांगू? लिहिलंस तू, सांगायचंही तूच. आणि भाषण नको. खरं असेल तेवढंच बोल.

ये बाळा. ही माझी धाकटी बहीण. हिनेच लिहिलं होतं ते… घे ना. तुझ्यापेक्षा तीच जास्त घाबरलीय. घे, बोल.

…

हॅलो?… हो, मी ताई… गेली. आत्ता गेली आत… नाही, मला काही बोलली नाही. फोन दिला, केस नीट केले, आणि शिपाईदादांच्या मागोमाग चालायला लागली. काय सांगितलंस गं तिला?

‘मला तुझ्या बाबांबद्दल काहीच माहीत नाही’… एवढंच?… आणि माफी मागितलीस. बरं केलंस. मग ती?

‘मलाही माहीत नाही. म्हणून तर आलेय.’

असं म्हणाली?…

हं…

नाही गं, रडतेय कुठे. सर्दी झालीय… बरं, रडतेय. पण बरं वाटतंय, छकू. फार बरं वाटतंय… आता तो चांगला निघेल का? अगं, पुन्हा तेच! ती गेलीय ना बघायला? तिचं तिला बघू दे. बाहेर आल्यावर सांगावंसं वाटलं तर सांगेल, नाही तर नाही.

काय?… माझं घर हवंय तुला? भिंतीवर लावायला?… ने की. रविवारी ये आणि घेऊन जा… छे, मी नाही काढणार. वर्गाचा नियम आहे. दार तुझं तू काढ.

चल, ठेवते. शिपाईदादांना फोन हवाय.