आडनावाचा प्रश्न

समारंभाच्या अध्यक्ष मीनलताई, आमच्या समुपदेशन केंद्राचे प्रमुख विश्वास सर, मंडळाचे सचिव निशिकांतराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या हर्षाताई, आणि शनिवारची दुपार मोडून क्वीन्सटाउनच्या या सभागृहात आलेले तुम्ही सर्व, नमस्कार आणि जय भीम.

व्यासपीठावरच्या मान्यवरांची पूर्ण नावं निशिकांतरावांनी मला लिहून दिली होती. तो कागद माझ्या हातात आहे. आडनावं मी मुद्दाम गाळली. राग मानू नका, कारण सांगणार आहे.

मी अनघा. सोमवारपासून हर्षाताईंचा वर्ग मी घेणार, असं विश्वास सरांनी मघाशी जाहीर केलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या मला आता परत कराव्या लागतील असं वाटतंय. ऐकून घ्या, मग ठरवा.

हर्षाताई नागपूरच्या. टेक्सासमध्ये नऊ वर्षं त्यांनी लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांबरोबर काम केलं. मग इथे येऊन आम्हा आठ जणांना थेरपिस्ट म्हणून उभं केलं. आता त्या परत चालल्या आहेत, तिथल्या लॅटिनो वस्त्यांसाठी थेरपिस्ट घडवायला. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला आपली एक चूक सांगितली होती. ग्वाटेमालाची एक बाई आली. फाइलवर लिहिलेलं होतं, लॅटिना. ताईंनी तिला स्पॅनिश बोलणारी थेरपिस्ट दिली आणि समाधानाने फाइल मिटली. सहा भेटी ती बाई प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत राहिली. सातव्या भेटीला आली नाही. स्पॅनिश ही तिच्या घरची भाषा नव्हतीच. तिच्या गावात ज्यांनी घरं जाळली, त्यांची ती भाषा होती.

आम्ही हळहळलो. मी वहीत लिहून घेतलं. आणि मनात म्हटलं, आपल्याकडे हे होणार नाही. आपण सगळे मराठी.

गेल्या वर्षी एक इंजिनिअर माझ्याकडे आले. बुओना व्हिस्टाला राहणारे. त्यांच्या परवानगीने सांगते आहे. बायको-मुलगी भारतात गेलेली, तीन आठवडे झोप नाही. मराठी समुपदेशक आहे म्हणून आले होते. इथल्या नोकरीच्या पासवर परिणाम होईल या भीतीने दुसरीकडे कुठे गेले नव्हते. त्यांनी फक्त पहिलं नाव सांगितलं.

मी विचारलं, "आणि आडनाव?"

ते फाइलकडे बघत राहिले.

मी हसून म्हटलं, "अहो, आपलीच माणसं. सांगा की."

त्यांनी सांगितलं. मी थांबले. मग मी म्हणाले, "अच्छा."

एवढंच. आडनावावरून जात कळते, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला हवं का? माझं आडनाव सांगताना मला कधी फाइलकडे बघावं लागलेलं नाही. त्या थांबण्यात मी काय केलं, ते त्यांना त्याच क्षणी कळलं. मला कळलं नाही. पुढची चाळीस मिनिटं ते "बरं आहे" म्हणत राहिले. उठताना म्हणाले, "सामान आवरून ठेवलंय." मी म्हटलं, "वा, छान."

तीन दिवसांनी, दुपारी, हर्षाताईंनी माझी टिपणं वाचली.

"सामान कसलं?"

"घर बदलत असतील, ताई."

"भाडेकरार पुढच्या मार्चपर्यंत आहे, इथे लिहिलंय. आडनाव विचारलंस?"

"सहज विचारलं."

"सहज कुणाला?"

त्यांनी फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. ऑफिसमध्ये विचारलं, तर ते दोन दिवस तिकडे गेले नव्हते. आम्ही टॅक्सी केली.

कॉन्डोच्या दारावर सिक्युरिटीचे अंकल म्हणाले, "होल डे नेव्हर कम डाउन, लाह." ताईंनी त्यांना मॅनेजरकडे किल्लीसाठी पिटाळलं, अँब्युलन्सला फोन केला. मग इंटरकॉमचं बटण दाबलं. वरून कुणीतरी उचललं. बोललं नाही. श्वास ऐकू येत होता.

ताईंनी एकदा "जय भीम" म्हटलं असतं, तर कदाचित दार लगेच उघडलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"किल्ली येईपर्यंत तू बोल."

"ताई, तुम्ही बोला. प्लीज."

"तुझ्यामुळे ते गप्प झालेत. बोल."

मी काय बोलले? शिकलेलं सगळं विसरले होते. म्हटलं, "मी अनघा. मी तुमचं आडनाव विचारायला नको होतं. ऐकल्यावर मी थांबले, ते तुम्ही पाहिलंत. माझं चुकलं."

मागे अंकलच्या किल्ल्यांचा आवाज आला. मी पुन्हा म्हटलं, "माझं चुकलं."

त्यांनी वरून खालचं दार उघडल्याचा आवाज झाला. वर गेलो तेव्हा ते दाराशी उभे होते. दिवाणखान्यात बॅग भरलेली. तिच्यावर बायकोच्या नावाचं पाकीट, मुलीच्या शाळेची कागदपत्रं, घड्याळ. त्यांना स्वतःला कुठे जायचं नव्हतं.

ते जिवंत आहेत. कामावर जातात. पासही शाबूत आहे. उपचार हर्षाताईंकडेच घ्यावेत असं मी सुचवलं होतं. त्यांनी दोन महिने तेच केलं. मग ते माझ्याकडे परत आले. का, हे मी अजून विचारलेलं नाही.

या भाषणाची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "माझं आडनाव सांगू नका. तुम्ही ते विचारलंत, हे मात्र सांगा."

ते आज इथे आहेत की नाहीत, हे मी सांगणार नाही. कृपा करून मागे वळून पाहू नका. मघापासून काही जण पाहताहेत. चहाच्या वेळी कोण, कुठले, अशी चौकशीही करू नका. हर्षाताई चार वर्षं जे शिकवत होत्या, त्याची परीक्षा आता या दारापाशी, चहाच्या टेबलावर आहे.

ताई, तुम्ही बटण दाबून बाजूला झालात. त्याबद्दल आभार कसे मानायचे ते मला येत नाही. तिकडच्या मुलींनाही असंच बोलायला लावा.

अध्यक्षांचे, मंडळाचे आणि शांतपणे ऐकल्याबद्दल तुमचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर माफ करा. वर्ग मी घ्यावा की नाही, हे ठरवताना मात्र माफ करू नका. सोमवारी सहा वाजता खोली उघडी असेल. मी तो घ्यावा असं वाटलं तर या. आत येताना नाव सांगा, जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं.