रेड संपेपर्यंत

नाही नाही, दानिशभाई, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय मोडेल आहे — ती माही खुर्ची. मी पडलो तर लोकं हासतात, तुमी पडले तर उद्या पेपरात येईन. ही घ्या, ही बरी आहे. चहा? बरं, मंग नंतर. कबड्डीच्या फायनलले अजून टाइम आहे, किन्हीराजाचे पोट्टे अंग गरम करून राह्यले, मानोऱ्याचे तर अजून गाडीतून उतरून राह्यले. तर काय सांगत होतो मी — हां, तुमी विचारलं का बादल, तुहा भाऊ रेड चालू असताना माइकवर गप राहे, तू काहून राहत नाहीस. सांगतो ना. घाई कायची?

पयले तुमी सांगा, वाशिमहून एवढे आले ते फायनल बघाले आले का मले बघाले? मलेच. मालूम आहे. पेपरचं क्रीडापान तुमच्याकडं, पेपरच्या चॅनलचं लाइव्हबी तुमच्याकडं, अन् दोन्हीकडं हरीओमदादाच्या जागेवर हा आठवी नापास गडी बसून आहे — वहिनीच्या तोंडाकडं पाहून तुमी बसवला, हेबी मालूम आहे. आता त्या जागेवर तुमच्या मनात उत्कर्ष आहे. शिकेल पोट्टा आहे, वाईट नाही. पण दादाचा माइक अन् दादाचा सोमवारचा कॉलम, दोन्ही एकाच दिवशी घरातून जातीन, म्हणून मी आज नवा शर्ट घालून आलो — लेबल काढाचं राहून गेलं, मानेले टोचून राह्यलं. हासा, हासा. माह्यावर हासणं फुकट आहे.

दादाचं कसं होतं, पेपरातल्या लोकाईले वाटे, हा माइकवाला, लिहितेबी जरासं. चॅनलच्या लोकाईले वाटे, हा लिहिणारा, बोलतेबी जरासं. दोघंबी त्याले अर्धाच माणूस समजत अन् काम मातर पुरं घेत — तुमाले नाही म्हणत मी, तुमी बसा. अन् त्याचा एक कायदा होता. माइकवर गोड बोलाचं, कारण रेडरचा बाप समोरच बसेल राहते. खरं ते पेपरात लिहाचं, घरी जाऊन, ठंड्या डोक्यानं. एवढंच होतं, नाही का? मले तेवढंबी नाही जमलं. पयल्याच सामन्यात मी माइकवर बोलून गेलो का हा कोपऱ्यातला गडी पकड करून राह्यला का म्हशीले दोर लावून राह्यला — अन् तो निघाला दौलतरावचा पोरगा, अन् मंडप दौलतरावचा! दौलतराव उठले, मंडपबी उठला असता. मंग मी एवढा भेलो का कॉलमात साऱ्याईलेच शेर करून टाकलं. जिंकले ते शेर, हारले ते शेर, पंचबी शेर. मी बोलतो अन् ज्योत्स्नावहिनी मोबाइलमंधी टाइप करते ना — ती म्हणे, भाऊजी, हे कबड्डीचं मैदान आहे का जंगल?

अजून ऐका. दादा मॅच चालू असताना डाव्या हाताच्या तळव्यावर पेनानं शब्द लिहून ठेवे, घरी आला का त्या शब्दाईवरून कॉलम. म्हटलं, आपणबी करू. मले घाम येते, मी तोंड पुसलं — अन् पुरी मॅच तुमच्या लाइव्हवर निळ्या मिशा घेऊन बोललो! लोकाईनं खाली कॉमेंट टाकल्या, हा नवा स्पॉन्सर कोन, शाईवाला? तुमी पाह्यलं होतं? पाह्यलंच असन.

हां, रेड. टाळून नाही राह्यलो मी. बरं, टाळून राह्यलो.

रेडर दम धरून मधल्या लाइनच्या पार गेला का दादाबी माइकवर दम धरे. एक शब्द नाही. पुरं मैदान त्याच्यासंगं दम धरे. रेडर मागं आला का दादा ‘हाऽऽ’ करून सोडे, अन् मंग जो गलका होये! जऊळक्याच्या मॅचलेबी तेच झालं. मोबाइल मी धरेल होता, लाइव्ह चालू. रेडर आत गेला — दादा गप. रेडर मागं आला — दादा गप. लोकाईले वाटलं, आज दादानं रेडरपेक्षा मोठा दम धरला. टाळ्या पडल्या, दानिशभाई. टाळ्या! अन् मी काय केलं? मी कॅमेरा जवळ घेतला. म्हटलं, काय ॲक्टिंग करून राह्यला माहा भाऊ — अन् त्याची मान खाली गेली. डॉक्टर म्हणे, हृदय. बस, तेवढंच म्हणे.

आंघोळ घालताना त्याचा डावा हात माह्या हातात होता. त्याच्यावर सोमवारचे शब्द होते. मले वाचता येते हो, हळू वाचतो एवढंच. पयला शब्द लागला — ‘पोट्टे’. दुसऱ्यावर आलो तं वरून कोनीतरी तांब्या ओतला.

म्हणून मी बोलतो. रेडमंधीबी बोलतो, हाफटायमातबी बोलतो, पंच पाणी पेते तवाबी बोलतो. लोकं म्हणतात, याले कोनी बंद करा रे. करू द्या. आवाज चालू आहे तवरी लोकाईले समजते, माइकवरचा माणूस जिता आहे. रडून नाही राह्यलो, लेबल टोचून राह्यलं म्हटलं ना!

शिट्टी झाली. बसा, बसा. आज दाखवतो तुमाले, एका रेडपुरतं गप राहून दाखवतो — दादासारखं. मंग माइक कोनाले द्याचा त्याले द्या, उत्कर्षले द्या, मी सोता त्याच्या हातात देतो. फक्त एक सांगतो. रेडर मागं आला अन् मी गप राह्यलो, तं टाळ्या नका वाजवू. हलवजा मले.

हॅलो, हॅलो — नमस्कार मंडळी, मी बादल, हरीओमचा लहान भाऊ. पयली रेड किन्हीराजाची, गोलू आला, जांघेवर थाप मारली, दम धरला, गोलू लाइनच्या पार —