बिशूच्या गळ्यावरची पैज

कोलकात्याच्या कॅन्सर रुग्णालयात माझ्या मागच्या बाकावर दोन शेजारी पैज लावत होते.

"बिशू, आत पाच डॉक्टर तुझ्या गळ्यावर खल करतायत. होईल बघ एकमत."

"हॅ! तपनदा, आपल्या गल्लीत पाच जणांचं पूजेच्या मांडवाच्या रंगावर जमत नाही! झालं एकमत, तर फुटबॉलात जन्माचा मोहन बागानवाला मी, इथंच त्या वैरी ईस्ट बेंगालचा जयजयकार करीन."

"आणि आवाजाची पेटीच काढायची ठरली तर?"

"मग फुकटात सुटलो!"

दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या.

"बिशूबाबू, सर्जन कापायचंच म्हणत होते. खूप भांडलो. शेवटी पाचही जणांचं एकच ठरलं, आधी रेडिएशन आणि औषधं. आवाज बहुतेक वाचेल."

"पाचही जणांचं? एक तरी फोडा की, दीदी!"

"बिशू, बाकावर चढ."

"जय ईस्ट बेंगाल!"

"ऐकू नाही आलं. पुन्हा."

"जय ईस्ट बेंगाल! तपनदा, हरलो मी आणि रडतोस तू?"

"गप. पुन्हा ओरड."