गुरुवार, दुपारी दोनचा तास

...आणि वर मलाच ऐकवायचं, 'अरे, तुझं काय, नुसतं बोलायचंच तर असतं!' नुसतं? तुम्हाला सांगतो, संवादकौशल्याच्या तासाला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या साठ पोरांना बोलतं करणं म्हणजे साठ गंजलेले नटबोल्ट हातानं सोडवणं आहे हो! यंत्र उघडायला सांगा, डोळे मिटून उघडतील. तोंड उघडायला सांगा... सगळे आपापल्या बुटांकडे बघतात! मी म्हणतो, मुलाखतीत जरा हसा. तर पुढच्या बाकावरचा चष्मेवाला वही काढतो, 'सर, किती मिलिमीटर? आणि अधिक-उणे किती चालेल?' आता याला काय सांगू, फूटपट्टी लावून हस म्हणून?

घरी तर आनंदच! आमची आत्या चारचौघांत सांगते, 'एवढा इंजिनीअर झाला, आणि मोठाल्या घोड्यांना बोलायला शिकवतो. तान्ही आहेत का रे ती?' अगं आत्या, तान्ही बरी! ती निदान रडून सांगतात काय हवंय ते! आमच्या घोड्यांना उद्या नोकरीत साहेब म्हणेल, 'हा पूल महिन्याभरात उभा कर', यांना ठाऊक असेल की तो पडणार, पण 'नाही' म्हणता येत नाही म्हणून माना डोलावतील. पूल पडेल ना हो! म्हणून यंदा ठरवलं, बाकी सगळं राहू दे, पोरांना नीट 'नाही' म्हणायला शिकवायचंच.

चार पायऱ्या. समोरच्याचं पूर्ण ऐका. त्याची गरज कळली असं सांगा. आपली अडचण सांगून दुसरा मार्ग सुचवा. आणि मग, हे सगळ्यात अवघड... गप्प बसा! तर पोरांनी काय केलं? आकृती काढली! चौकोन, बाण, सगळं! चष्मेवाला विचारतो, 'सर, समोरचा ओरडला तर परत पहिल्या चौकोनात जायचं का?' जा बाबा, जा!

पण हे शिकवायला तास तर हातात पडायला हवा! गुरुवारी दोन वाजले की दारात गणिताचे सर. 'अरे, माझं एक प्रकरण राहिलंय, आजचा तास देतोस? तुझं काय, नुसतं बोलायचंच तर असतं!' आणि मी, 'नाही' या विषयातला या कॉलेजातला एकमेव तज्ज्ञ, म्हणतो, 'हो सर, घ्या ना!' का? तर याच वर्गात, तिसऱ्या बाकावर बसून, मी त्यांच्याच हाताखाली शिकलोय! त्यांनी भुवई उचलली की अजून मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. अकरा गुरुवारांत सात तास असे गेले. शेवटी विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं. 'तुमचा तास होतो तरी कुठे? या गुरुवारी मी स्वतः येऊन बघते. झाला तर ठीक, नाहीतर पुढच्या सत्रापासून तो गणिताला देऊन टाकू.'

झालं! गुरुवारी मी पावणेदोनलाच वर्गात, आरशासमोर चार पायऱ्या घोकून आलेलो. दोन वाजले. दारात सर. 'अरे, एक प्रकरण...' आणि त्यांच्या मागे मॅडम, वही घेऊन! मी पहिली पायरी चढलो, ऐकलं. दुसरीवर पाय ठेवला... आणि सरांनी भुवई उचलली. माझ्या तोंडून निघालं, 'हो स...'

'सर, एक मिनिट.'

शेवटच्या बाकावरून! तिथे कोण बसतं, तर आमची म्यूट. नाव पोरांनीच पाडलंय. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. अख्ख्या सत्रात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती उभी राहिली. हातात कागद होता, पण त्याकडे बघितलंसुद्धा नाही! 'सर, तुमचं प्रकरण परीक्षेसाठी महत्त्वाचं आहे, कळतंय आम्हाला. पण पंधरा दिवसांवर मुलाखती आहेत, आणि बोलायचा सराव फक्त याच तासाला होतो. आजचा तास आम्हाला नाही देता येणार. उद्या चारनंतर आम्ही सगळे तुमच्यासाठी थांबतो.' आणि... गप्प!

अहो, काय ती शांतता! चष्मेवाला श्वास रोखून वहीतल्या चौथ्या चौकोनावर बोट ठेवून बसलेला. सरांनी भुवई उचलली. तिनं नजर खाली केली नाही. शेवटी सर खाकरले, 'उद्या चार? बरं.' आणि गेले! मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, जाता जाता म्हणाल्या, 'राहील हो तुमचा तास.' तुम्हाला सांगतो, छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं, खरंच तुटलं! डोळ्यांत पाणी आलं, ते खडूची धूळ म्हणून पुसून घेतलं. नुसतं बोलायचंच तर असतं म्हणे!

आता परवाची गोष्ट. म्यूट स्टाफरूमच्या दारात. 'सर, दोन मिनिटं आहेत? तुम्ही तासाची तयारी केली असेल, कल्पना आहे. पण शुक्रवारी गणिताची चाचणी आहे, म्हणून हा गुरुवार आम्ही गणिताच्या सरांना द्यायचं ठरवलंय. तुमचा तास रविवारी सकाळी सातला घेऊ या?' आणि गप्प. नजर सरळ. चारही पायऱ्या, एकही न चुकता! शंभरपैकी शंभर! जन्मात मला कुणी इतकं सुंदर 'नाही' म्हटलं नव्हतं हो... ऊर असा भरून आला की 'हो' म्हणून मोकळा झालो!

आणि रविवार म्हणजे माझी आठवड्यातली एकुलती एक लोळायची सकाळ! मग? मग काय, सहाचा गजर लावलाय. पोरांना 'नाही' म्हणायला शिकवायला जायचंय!