दोन नावांच्या मधला हात

भूपाल वकील : थांबा, हरणाबाई. रडू नका. हंबीरराव काय म्हणाला, तेवढं आधी सांगा. माणसांच्या नावेचा ठेका त्याचाच ना?

हरणाबाई : व्हय, त्याचाच. त्यो म्हनला, चूक गुळाच्या नावंची. तिच्या मालकाकडं जा.

भूपाल वकील : आणि गुळाच्या नावेचा मालक?

हरणाबाई : आप्पासो व्यापारी. त्यो म्हनला, चूक माणसांच्या नावंची. हंबीररावाकडं जा. ह्या काठाचा त्या काठाला ढकलतोय, त्या काठाचा ह्या काठाला. मी दोघांच्या मधी. त्या दिशी हात हुता, आता मी हाय.

भूपाल वकील : त्या दिवशी काय झालं, सावकाश सांगा.

हरणाबाई : आमी पूर्वंकडलं धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन किस्नाकाठाला येतो, लोकांच्या रानात खतासाठी बसवाया. त्या दिशी बाजार हुता. धनी मेंढरांपाशी ऱ्हायला आन् मी नावंत बसले. धुकं असं की म्होरलं मानूस दिसंना. नावंत मानसं कोंबल्याली. मी एका अंगाला, नावंच्या काठाला धरून. वरच्या अंगानं गुळाची नाव आली, ना हाळी ना आवाज. दोन्ही नावा एकमेकींवर बसल्या आन् माझा हात मधी.

भूपाल वकील : उजवाच.

हरणाबाई : मिरजंच्या डाक्तरनं चार बोटं काढली. आंगठा तेवढा ऱ्हायलाय.

भूपाल वकील : हरणाबाई, नीट ऐका. चूक कुणाची, हे तुम्ही ठरवायचं नाही. तुम्ही भाडं देऊन नावेत बसलेल्या बाई. आपण दोघांवरही दावा लावू. त्यांना एकमेकांशी भांडायचं असेल तर कोर्टात भांडू देत. कुणाची चूक किती, ते न्यायाधीश बघतील. भरपाई मागायचा हक्क तुमचा आहे, आणि तो त्यांच्या भांडणापायी बुडत नाही.

हरणाबाई : हक्क म्हनता, पर अल्याड काठ सरकारचा आन् पल्याड काठ संस्थानचा. चावडीवर म्हनले, नदीच्या मधलं आमच्याकडं येत न्हाई.

भूपाल वकील : ते जुनं झालं. संस्थान गेलं की मार्चमध्ये. म्हणजे तुमचा हात गेल्यावर. आता दोन्ही काठांना सरकार एकच. फक्त वर्षाच्या आत दावा दाखल झाला पाहिजे, म्हणून आलात ते बरं केलंत. कोर्टाच्या फीची काळजी नको, नादाराला, म्हणजे फी भरायची ऐपत नसलेल्याला, त्यात सवलत आहे.

हरणाबाई : आन् तुमची?

भूपाल वकील : माझं मागनं बघू. हंबीररावानं काही देऊ केलं होतं का?

हरणाबाई : लुगडं-चोळी. धनी म्हनला, घे, मोठी मानसं हायती, उद्या त्यांच्याच रानात मेंढरं बसवायची हायती. मी घेतलं न्हाई.

भूपाल वकील : का?

हरणाबाई : लुगडं नेसाया बी दोन हात लागत्यात, वकीलसायब.

भूपाल वकील : दावा लिहायला घेतो मी.

हरणाबाई : पर येक हाय. आमची नाव हाकनारा अर्जुना. त्याला तुरुंग हुनार असंल तर माझा दावा नगं. दोन्ही नावा हलत हुत्या तवा त्यानंच खांदा लावून मधी फट पाडली, आपलं मुंडासं फाडून माझा हात बांधला.

भूपाल वकील : हा दिवाणी दावा आहे, यात तुरुंग नाही. आणि नोकरानं मालकाच्या कामात चूक केली, तर भरून द्यायचं मालकानं. अर्जुनाला धक्का नाही लागायचा. उलट तो मला साक्षीला हवाय. एवढी माणसं नावेत कुणी भरायला लावली, हे त्यानंच सांगितलं पाहिजे.

हरणाबाई : त्यो कसला सांगतोय! त्याची चूल हंबीररावावर हाय.

भूपाल वकील : तुम्ही विचारून बघा. पण शिकवू नका हां. त्यानं पाहिलं, ऐकलं, तेवढंच.

*

अर्जुना : मावशी, हितं नदीवर नगा येत जाऊ. मालकाची मानसं बघत्यात.

हरणाबाई : बघू द्यात. नदी काय हंबीररावानं खणलीया?

अर्जुना : हात कसा हाय?

हरणाबाई : जखम भरली. रातचं नसलेली बोटं दुखत्यात. अर्जुना, तुला कोर्टात यायला लागंल.

अर्जुना : मला ठावं हुतं तुमी ह्येच म्हननार. म्हून तर वाट चुकवत हुतो तुमची.

हरणाबाई : त्या दिशी मालक तुला कायतरी बोलत हुता. धुक्यात दिसलं न्हाई मला, पर आवाज मोठा हुता.

अर्जुना : मी म्हनलो, मालक, मानसं लय झाली, धुकं हाय, निम्मी उतरवा. त्यो म्हनला, बाजाराचा दिस हाय, तुला जमत नसंल तर वल्हं ठेव आन् घरला जा. आन् आता तर बायकू पोटूशी हाय, मावशी, शालू. वल्हं ठिऊन जातो कुठं?

हरणाबाई : ह्येच सांग. याच्या भायेर शबूद नगं.

अर्जुना : आन् सांगितल्यावर? दुसऱ्या दिशी मला काम कोन दील?

हरणाबाई : त्ये मला ठावं न्हाई. दील कोनतरी, असं तुला खोटं कशाला सांगू?

अर्जुना : माझा राग येत न्हाई तुमाला?

हरणाबाई : आला की. दवाखान्यात पडले हुते तवा लय आला. तुझं नाव घिऊन शिव्या दिल्या. शेजारच्या खाटंवरली म्हातारी म्हनली, कोन गं ह्यो अर्जुना? मी सांगाया लागले, आन् सांगता सांगता तुझं फाटलेलं मुंडासं आठवलं. मंग शिवीच सुचंना.

अर्जुना : मावशी, मला पेलायचं न्हाई ओ. कोर्टाचं नाव काढलं की घाम फुटतोय.

हरणाबाई : मंग नगं येऊस. मी तुला दूषण द्यायची न्हाई. पर म्होरल्या बाजारी हंबीरराव तेवढीच मानसं भरंल बग. धुकं बी असंल. आन् वल्हं तुझ्याच हातात असंल.

अर्जुना : पल्याडनं हाळी येतीया, नाव न्यायला पायजे.

हरणाबाई : जाते मी. मेंढरं हलवायची हायती.

अर्जुना : मावशी, थांबा. तारीख कवा हाय?

*

(पुढच्या हिवाळ्यात, नदीच्या त्याच उतारावर, नावेपाशी.)

अर्जुना : ओ मामा, तुमी म्होरल्या खेपंला. नावंला पांढरा पट्टा मारलाय बगा, त्याच्यावर पानी आलं की मी नाव सोडत न्हाई. पाटील असू द्या न्हाईतर पाव्हनं... आरं तिच्या! मावशी! कवा आलासा?

हरणाबाई : काल. मेंढरं पल्याडच्या मळ्यात बसवलीत. हंबीररावानं तुला काढल्यालं कळलं हुतं. तू हितं कसा?

अर्जुना : काढलं की, साक्ष दिली त्याच सांजंला. सा म्हैनं सासऱ्याच्या रानात राबलो. उन्हाळ्यात ठेक्याचा लिलाव झाला, तवा दोन्ही काठच्या गावांनी मिळून ठेका घेतला. म्हनले, जो मानसं उतरवा म्हनत हुता त्यालाच बलवा. पट्टा बी त्यांनीच मारला.

हरणाबाई : आन् शालू?

अर्जुना : पोरगी झाली. बरी हायती दोघी. पर मावशी, मी साक्ष दिली आन् घाबरून घरला पळालो. फुडं काय झालं, त्ये लोक दहा तऱ्हेनं सांगत्यात. तुमी सांगा.

हरणाबाई : तू गेलास आन् आप्पासोचा वकील उठला. म्हनला, ह्या बाईचं वाईट झालं खरं, पर नुस्कान काय झालं? कमावतो नवरा. ही तर नुस्ती मेंढरामागं चालती.

अर्जुना : आन् आपलं वकील?

हरणाबाई : त्ये उठत हुते, पर जज्जसायबानं त्यास्नी हातानं बसवलं आन् मलाच इचारलं, बाई, तुम्ही काम काय करता? आरं, जल्मात कुनी असं इचारलं न्हवतं मला. मी म्हनले, सायब, मेंढरामागं चालताना टकळी फिरवती. सांजला बसून फिरवती. घोंगड्याची समदी लोकर माझ्या हातनं कातली जाती. धनी इनतो, पर सूत नसंल तर इनंल काय?

अर्जुना : मंग?

हरणाबाई : मंग सायबानं धन्याला उभं केलं. खरं का म्हनून इचारलं.

अर्जुना : बिराप्पामामा! त्ये तर दावा नगंच म्हनत हुते.

हरणाबाई : त्योच. टोपी हातात घिऊन उभा. मला वाटलं, घाबरलं ह्ये, आता सगळं बुडालं. मंग म्हनला, सायब, खरं हाय. तिनं कातलं तर मी इनतो. हात तिचा गेला, पर माग माझा बंद पडला. घर तिच्याच हातावर हुतं, मी कवा बोललो न्हाई एवढंच.

अर्जुना : भर कोर्टात?

हरणाबाई : भर कोर्टात. मी खाली मान घातली. आख्ख्या संसारात पैल्यांदा ऐकलं, त्ये बी सरकारी पंख्याखाली.

अर्जुना : आन् निकाल?

हरणाबाई : चूक दोन्ही नावांची. एकीनं मानसं जादा भरली, दुसरी धुक्यात हाळी न देता आली. बाईची कायबी चूक न्हाई. दोघांनी मिळून भरपाई द्यायची, बाईचं काम गेलं त्याची बी. अपील करू म्हनत हुते, मंग गप बसले. हप्त्यानं भरत्यात कोर्टात.

अर्जुना : काय केलंसा त्याचं?

हरणाबाई : मेंढ्या घेतल्या. माझ्या सवताच्या. त्यांच्या कानाला खूण येगळी हाय. आन् डाव्या हातानं टकळी शिकतीया.

अर्जुना : येतंय?

हरणाबाई : जाडंभरडं येतंय, मधीच तुटतंय. धनी म्हनतो, जाड असू दे, थंडीला बरं. ह्ये बग, त्याचंच पैलं घोंगडं. भूपाल वकिलास्नी निघालीया द्यायला. फीचं मागनं बघू म्हनले हुते, आजून बघतच हायती.

अर्जुना : मंग पुलावरनं न्हाई गेलासा? लोक म्हनत्यात, तवापास्नं तुमी लांबच्या पुलावरनंच जाता.

हरणाबाई : जात हुते. आज म्हनलं, बसाया येतंय का बगावं.

अर्जुना : या की. मधी बसा, ह्या फळीवर. सावकाश... आता भ्या वाटतंय का, मावशी?

हरणाबाई : वाटतंय. तू सोड नाव.